रोजेदारासमोर चहा प्यावा का?

रमजान लागला की परभणीतल्या कचेऱ्यांत, बँकांत आणि मोंढ्यातल्या आडतींवर सकाळी अकराच्या सुमारास एक छोटीशी पंचाईत रोज होते. किटलीवाला येतो, टेबलांवर ग्लास ठेवत जातो आणि एका टेबलापाशी थबकतो. "भाई, तुमचा तर रोजा..." असं काहीतरी पुटपुटून पुढे सरकतो. मग शेजारच्या टेबलावरचे साहेब आपला ग्लास उचलून व्हरांड्यात निघून जातात. कुणी फाइलच्या आड धरतो. कुणी "आज नको रे, ॲसिडिटी झालीय" म्हणून ग्लास परत पाठवतो. अकरा महिने ज्याच्यासोबत दोनात तीन करून चहा घेतला, त्याच्या डोळ्यांदेखत घोट घ्यायला जड जातं.

ही भावना चांगलीच आहे. पण तिची गरज नाही, हेही कुणीतरी सांगायला हवं. रोजा म्हणजे पहाटे फजरच्या वेळेपासून संध्याकाळी मगरिबच्या अजानपर्यंत खाणं-पिणं सोडणं, आणि तो ज्याच्या त्याच्या नीयतीवर चालतो. शेजाऱ्याने चहा प्याला म्हणून तो तुटत नाही, आलं टाकून उकळलेल्या चहाचा वास नाकात गेला म्हणूनही तुटत नाही. उलट समोर ग्लास असताना मन आवरणं हाच तर त्यातला सराव. व्हरांड्यात चहा प्यायला गेलेल्या साहेबांमुळे रोजेदाराचं काही सोपं होत नाही. त्याला फक्त एवढंच वाटतं, की आपल्यामुळे माणसं उठून गेली.

"पाणीसुद्धा नाही?" हा प्रश्न तर दर रमजानला ठरलेला. त्यामागचं आश्चर्यही समजण्यासारखं आहे, कारण आपल्याकडचा उपवास बऱ्याच अंशी चहावरच उभा असतो. एकादशी असो, चतुर्थी असो की श्रावणातला सोमवार, साबुदाणा दुपारी येतो. सकाळ चहावरच काढायची असते. उपवासाला चहा चालतो का, असं विचारणारा माणूस जिल्ह्यात सापडणं अवघड. निर्जळी एकादशी करणारीला मात्र रोजा लगेच कळतो. असं घर शेजारी असलं तर त्या दोघींत या विषयावर जास्त बोलावंच लागत नाही.

रोजेदार दिवसभर नेमकं काय सोडतो, हे समजायला आधी इथला चहा समजून घ्यावा लागेल. मोंढ्यातल्या हमालाचा चहा म्हणजे त्याची न्याहारी. पोती उचलण्याआधी एक, दुपारी एक, वजनकाटा थांबला की एक. कडक, भरपूर साखरेचा, सोबत खारी नाहीतर टोस्ट. सोयाबीन-तुरीच्या हंगामात त्याचं दुपारचं जेवण चहावर ढकललं जातं, हे कौतुकानं सांगण्यासारखं नाही, पण खरं आहे. शेतावर निघालेल्या बाईचा चहा बहुतेकदा कोरा असतो. म्हैस आटलेली असते किंवा दूध डेअरीला गेलेलं असतं. त्यात गूळ पडतो आणि परसातल्या गवती चहाची दोन पाती पडतात. गुळाच्या चहाच्या पाट्या आता शहरातल्या चौकाचौकांत झळकतात आणि तो आरोग्याचा म्हणून विकला जातो. ज्यांच्या घरी साखर परवडत नव्हती म्हणून गूळ होता, त्या आजींना याचं हसू येत असणार. या चहाचं तंत्र मात्र त्यांनाच विचारावं. दूध उकळत असताना गूळ टाकला तर ते फाटायची भीती असते, म्हणून भांडं उतरवल्यावर गूळ घालायचा.

जुनी माणसं बशीत ओतून पितात. कप नुसता नावाला. खरा चहा बशीतला, तिन्ही बोटांवर तोललेला, फुंकर मारून फुरके घेत प्यायचा. पुण्या-मुंबईला शिकून आलेल्या नातवाला फुरक्याचा आवाज लाजिरवाणा वाटतो. वाटू द्यावा. उकळता चहा लवकर निववायला बशीइतकं सोयीचं साधन दुसरं निघालेलं नाही. आणि गाडी सुटायला दोन मिनिटं उरलेली असताना पूर्णा जंक्शनवर चहा घेतलेल्या कुणालाही त्याची किंमत कळेल.

मुस्लिम मोहल्ल्यांतल्या चहावर हैदराबादची सावली आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून येणारी रेल्वे इथून थेट हैदराबादकडे जायची, आणि नातीगोती, नोकऱ्या, कोर्टकचेऱ्या सगळं त्याच वाटेनं जात होतं. तिथला इराणी चहा दोन भांड्यांत होतो. एकात चहापत्तीचा अर्क झाकण लावून मंद आचेवर दम देत ठेवायचा. दुसऱ्यात दूध आटवून दाट करायचं. कपात दोन्ही एकत्र येतात, आणि सोबत शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खान यांच्या नावानं ओळखलं जाणारं खारट-गोड उस्मानिया बिस्किट. घरी एवढा खटाटोप कुणी रोज करत नाही, पण पाहुणे आले की "दम दी हुई चाय" म्हणून आग्रह होतो. आणि बिर्याणी जरा जास्तच झाली, की दुधाचा चहा बाजूला राहतो आणि सुलेमानी येते: बिनदुधाची, लिंबू पिळलेली, काचेच्या लहान ग्लासात तांबूस दिसणारी. हाच लिंबू चहा आता कचेरीतले मधुमेही साहेबही घेतात. नाव वेगळं, कारण वेगळं, ग्लास एकच.

पत्तीच्या दर्जाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पितात ती बहुतेक दाणेदार सीटीसी. पानं यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेली. ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात निघाली, आणि थोड्या पत्तीत जास्त रंग, जास्त कडकपणा मिळू लागल्यामुळे गरिबाच्या घरी चहा पोचला. त्याआधी चहा लोकांच्या गळी उतरवायला कंपन्यांना बरीच खटपट करावी लागली होती. १९०३ साली चहावर खास कर बसवून त्यातून प्रचार सुरू झाला, पुढे त्यासाठी स्वतंत्र मंडळ झालं, आणि त्या मंडळाची माणसं गावोगाव चहा करून दाखवत फिरत. चहा उकळायचा नाही, वाफेवर मुरवायचा आणि दूध वरून घालायचं, हा त्यांचा धडा. लोकांनी चहा घेतला आणि धडा परत केला. दूध, पाणी, साखर, आलं, वेलची सगळं एकाच पातेल्यात घालून तीन उकळ्या काढल्या. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे ८० टक्के चहा देशातच पितात, तो याच धडा न पाळलेल्या पद्धतीनं. परभणीकर स्वतःबद्दल बोलताना 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात. चहाच्या बाबतीत तर ते शब्दशः खरं आहे.

इतकं मुरलेलं व्यसन रमजानच्या पहिल्या दिवशी अचानक तुटतं. पहिल्या दोन-तीन रोज्यांना दुपारी जे डोकं ठणकतं, ते भुकेपेक्षा चहाचं असतं. शरीराला ठरलेल्या वेळी मिळणारं कॅफिन मिळत नाही, की डोकेदुखी, चिडचिड, जांभया सुरू होतात. चार-आठ दिवसांत ते निवतं. दिवसाला सहा-सात कप पिणाऱ्यांनी आधीच्या शाबान महिन्यातच एकेक कप कमी करत आणला तर हा त्रास बराच टळतो. पण शाबानमध्ये हे कुणाला सुचत नाही आणि रमजानच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला सुचतं. सहेरीला "दिवसभर मिळणार नाही" म्हणून दोन-दोन कप रिचवणारेही आहेत. त्यांना दुपारपर्यंत तहान छळते. इफ्तारला खजूर आणि पाण्यानंतर लगेच कडक चहा हाही तसाच आततायीपणा. रिकाम्या पोटी तो जळजळ करतो. शिवाय जेवणासोबत चहा घेतला की डाळी-भाजीतलं लोह अंगाला कमी लागतं, म्हणून डॉक्टर तासाभराचं अंतर सांगतात. आपल्याकडे बायकांच्या अंगात रक्त कमी असणं ही घरोघरची तक्रार आहे, तिथे हा तास महत्त्वाचा आहे.

हिजरी वर्ष चंद्रावर चालत असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ आणि २०१९ साली तो मे महिन्यात आला होता. परभणीच्या मे महिन्यात संध्याकाळीसुद्धा चहाची आठवण कुणाला होत नव्हती, इफ्तारला सरबतं चालायची. तो आता उन्हाळ्याच्या तोंडाशी येऊन थंडीकडे सरकला आहे, आणि चहाला पुन्हा मान आला आहे.

तो मान दिसतो रात्री. तरावीहची नमाज संपवून माणसं बाहेर पडतात तेव्हा नऊ-साडेनऊ झालेले असतात, आणि दिवसभर पडद्याआड असलेली टपरी उजळते. स्टोव्हचा आवाज, दोन पातेली, ओळीनं मांडलेले ग्लास. रोजेदाराचा दिवसातला खरा चहा हा. इथं घाई नसते. आणि रोजा नसलेली मित्रमंडळीही येतात. कुणी मोंढ्यातून, कुणी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वसाहतीतून मोटारसायकलवर. "झाली का नमाज? चला मग." यातले काही जण संध्याकाळी सहाचा आपला नेहमीचा चहा मुद्दाम टाळून आलेले असतात. व्हरांड्यात लपून प्यालेल्या अकराच्या चहापेक्षा हा रात्रीपर्यंत राखून ठेवलेला चहा रोजेदाराला जास्त कळतो. ज्यांना रोजेदाराचा मान राखायचा आहे त्यांनी सकाळी खुशाल टेबलावर चहा प्यावा आणि रात्री टपरीवर यावं.

पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्टीत मिळतो तो चहा यात धरलेला नाही. तिथे टोपी, फोटो आणि भाषणं होईपर्यंत तो निवून गेलेला असतो.

दिवसाच्या पडद्याबद्दलही बोललं पाहिजे. मोहल्ल्यातल्या हॉटेलांवर रमजानमध्ये कापडाचा पडदा लागतो. आत बसलेले सगळे कुणी बेफिकीर नसतात. मधुमेहाची गोळी घेणारा असतो, परगावाहून दवाखान्यात आलेला असतो, ऑटोवाला असतो, दुसऱ्या धर्माचा गिऱ्हाईक असतो. आजारी, प्रवासी, वृद्ध, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला तर धर्मानंच सवलत दिली आहे. हॉटेलवाल्यानं आपण होऊन लावलेला पडदा हा लिहाज आहे आणि तो गोड आहे. पण तोच पडदा लाव म्हणून चार पोरांनी दटावलं, की त्यातला लिहाज संपतो आणि दांडगाई उरते. मोहल्ल्यातल्या मोठ्यांनी या पोरांना वेळीच गप्प करायला हवं. तसंच, पडद्याआड बसलेल्याला "का रे, रोजा नाही?" असं विचारण्याचा हक्क कुणालाही नाही. त्याच्या पोटाची गोष्ट त्याला ठाऊक.

कुणाचा चहा कुणी बघायचा आणि कुणी कोणत्या ग्लासात प्यायचा, हा वाद आपल्याकडे नवा नाही. स्वातंत्र्याआधी देशभरातल्या रेल्वे स्थानकांवर हिंदू चहा आणि मुस्लिम चहा वेगवेगळा विकला जायचा, पाण्याचे माठही वेगळे असायचे. पत्ती एकाच मळ्यातली, आगगाडी एकच. मराठवाड्यातल्या खेड्यांत तर हॉटेलच्या बाहेर दलितांसाठी वेगळे कप ठेवलेले असत. चहा वरून ओतला जाई आणि प्यायल्यावर कप ज्याचा त्यानं धुऊन ठेवायचा. ते कप ज्यांनी हातात धरले ती माणसं अजून आपल्यात आहेत. टपरीवरचा ग्लास एकाच बादलीत विसळून पुढच्याला दिला जातो, हे आरोग्याच्या दृष्टीनं बरं नसेल. पण त्या एका बादलीपर्यंत पोचायला किती वर्षं लागली, हेही त्या बादलीला नाक मुरडताना ध्यानात असावं. स्वच्छता हवी तर गरम पाण्यानं ग्लास धुवायला सांगावं. कागदी कप हा त्यावरचा उपाय नाही, त्याच्या आतही प्लास्टिकचा पातळ थर असतोच.

दर २ फेब्रुवारीला सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस सुरू होतो तेव्हा हे सगळे ग्लास एकाच मैदानात येतात. जिंतूर, पाथरी, गंगाखेडहून आलेली कुटुंबं पाळण्यांच्या मधल्या टपऱ्यांवर बसतात, आणि कुणी कुणाचं नाव विचारत नाही. बायकाही तिथे निवांत बसून चहा पितात. हे मुद्दाम सांगण्याचं कारण आहे.

कारण रमजानच्या रात्रीच्या टपरीवर बाई दिसत नाही. पहाटेचा हिशेब तर आणखी वेगळा. साडेतीन-चारला घरात पहिला दिवा तिच्या हातानं लागतो. पोळ्या, सालन, रात्रीचं दूध तापवणं, पोरांना उठवणं, सासऱ्यांची गोळी. सगळ्यात शेवटी चहा. मशिदीच्या भोंग्यावरून सहेरीची दहा मिनिटं उरल्याची सूचना येते तेव्हा ती पाच कप भरून बाहेर देते आणि सहावा, स्वतःचा, ओट्यावर ठेवते. कुणाला साखर कमी असते, कुणाला अजून अर्धी पोळी हवी असते. ती परत येते तोवर वेळ संपलेली. साय धरलेला तो कप मोरीत ओतला जातो आणि तिचा रोजा बिनचहाचा सुरू होतो. दुपारी डोकं तिचंही ठणकतं. फक्त तेव्हा ती इफ्तारच्या भज्यांचं पीठ भिजवत असते.

महिन्यातले काही दिवस बाईला रोजा माफ असतो. त्या दिवसांत तिनं चहा प्यायला कुणाचीच हरकत नसावी. तरी कितीतरी घरांत ती स्वयंपाकघराच्या दाराआड, कपाचा आवाज होऊ न देता, घाईघाईनं दोन घोट घेते. दीर, सासरे, वयात आलेला मुलगा यांना दिसू नये म्हणून. कचेरीतले साहेब रोजेदाराच्या काळजीनं लपून चहा पितात. ही बिचारी घरच्यांच्या नजरेला घाबरून पिते. व्हरांडा आणि दाराआडचा कोपरा यांत फरक आहे, आणि रमजानबद्दल बोलणाऱ्यांनी, खुत्बा देणाऱ्यांनीसुद्धा, दुसऱ्याबद्दल जास्त बोलावं.

यावर करण्यासारखी गोष्ट साधी आहे. सहेरीचा चहा पुरुषांनी करावा. रात्री टपरीवर "पाणी कम, पत्ती कडक" असं चहावाल्याला शिकवणाऱ्या माणसाला घरात पातेलं चढवणं अवघड नसतं. आधी तिच्या हातात कप द्यावा, मग बाकीचे भरावेत. आणि तरावीहनंतर टपरीवरून उठताना घरच्यांसाठी चहा न्यायचा तर तो पातळ पन्नीत बांधून न्यायचा नाही. उकळता चहा आणि प्लास्टिक ही जोडी वाईट. घरात थर्मास असतो, तो सोबत न्यावा. टपरीवाला भरून देतो.

शेवटच्या दहा दिवसांत तर चहा घरातच जास्त लागतो. विषम तारखांच्या रात्री जागून इबादत करणाऱ्यांची मदार त्याच्यावर असते. जागण्यासाठी काहीतरी उकळून पिण्याची युक्ती जुनी आहे. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रभर जिक्र करताना कॉफी पीत. आणि चहाचं झाड कसं उगवलं याची एक बौद्ध दंतकथा तर अशी, की ध्यानात झोप येते म्हणून बोधिधर्मानं आपल्या पापण्या कापून टाकल्या आणि त्या पडल्या तिथे चहा उगवला. परभणीतल्या बुद्धविहारात आणि मशिदीत, दोन्हीकडे जागणाऱ्यांना ही गोष्ट आवडेल.

मग ईद. त्या दिवशी ज्यांना घरी यायचं निमंत्रण असतं त्यांना एक खबरदारी सांगून ठेवायला हवी. पहिल्या घरी शीरखुर्मा वाटीभर संपतो. दुसऱ्या घरी चव वेगळी म्हणून संपतो. तिसऱ्या घरी चाची ऐकत नाहीत. चौथ्या घरी खारीक-बदाम मोजून बाजूला काढायला सुरुवात होते. पाचव्या घरी "भाभी, शीरखुर्मा नको, पोट भरलं" असं म्हटलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. उलट घरातलेही तोवर गोडाला कंटाळलेले असतात. तिथे बिनसाखरेचा कडक चहा मागावा. भाभींनाही त्यात एक कप ठेवायला सांगावा.